मेमो मला एकट्यालाच का?

प्रश्न थोडक्यात असा. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हे गृहस्थ सात वर्षं क्वालिटीत आहेत, वय ३४. आठ महिन्यांपूर्वी नवे प्लँट हेड, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, आले. ते लिहितात: "साहेब आल्यापासून सकाळच्या मीटिंगला रोज माझंच नाव. एप्रिलमध्ये रेटिंग चारवरून दोनवर आलं. मे महिन्यात गावच्या जत्रेची रजा नामंजूर झाली, शेजारच्या टेबलावरच्याची मंजूर. जुलैच्या पावसात तळेगाव चौकात गाड्या अडकल्या, आम्ही चौघं वीस मिनिटं उशिरा पोचलो आणि मेमो मला एकट्याला. परवा मीटिंगमध्ये माझा आवाज चढला, 'दरवेळी मलाच का विचारता?' म्हणालो. त्यावर दुसरा मेमो आला, उद्धट वर्तनाचा. ७२ तासांत उत्तर मागितलंय. पहिल्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं. बायको म्हणते, सोडा ती नोकरी. घराचे हप्ते चालू आहेत. मार्चअखेरीला मी एक लॉट होल्ड केला होता, त्यावरून साहेब जरा नाराज होते, पण ते तेव्हाच मिटलं. मी चुकतोय, की मला खरंच वेगळं काढलं जातंय?"

७२ तासांचं घड्याळ चालू आहे हे लक्षात ठेवून लिहितोय. मेमोच्या उत्तरात काय लिहायचं ते शेवटी सांगतो. पण आधीचं वाचल्याशिवाय ते उत्तर लिहू नका, नाहीतर रागात लिहाल.

मी २६ वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली, भोसरीपासून चाकणपर्यंत. गेली नऊ वर्षं खात्यांतर्गत चौकश्यांमध्ये चौकशी अधिकारी म्हणून बसतो. मेमो तयार कसे होतात हे आतून पाहिलंय, आणि दोन वर्षांनी तेच मेमो चौकशीत पुरावा म्हणून टेबलावर कसे येतात हेही.

१९९४ मध्ये मी ज्युनियर ऑफिसर होतो. मशीन शॉपमधल्या एका टर्नरला सहा महिन्यांत पाच मेमो गेले. मजकूर शॉप मॅनेजर सांगायचे, टाइप मी करायचो. पाचही मेमो खरे होते. दोनदा उशीर, एकदा गॉगल घातला नव्हता, दोनदा जागेवर नव्हता. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही, शेवटी राजीनामा दिला आणि गेला. पुढे एका ऑडिटसाठी मी त्या शॉपचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढलं. त्या सहा महिन्यांत त्याच्यापेक्षा जास्त वेळा उशिरा आलेले सहा जण होते. त्यांच्यातल्या एकालाही मेमो नव्हता. मस्टर सगळा काळ माझ्याच कपाटात होतं आणि मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. त्या माणसाची मी नंतर गाठ घेतली, माफी मागितली. पण त्याची नोकरी गेली ती गेलीच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या मस्टरमध्ये दिसतं. तुमचा मेमो शंभर टक्के खरा असू शकतो आणि तरीही तो अन्याय असू शकतो. तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात, हे खरंच आहे. अन्याय त्या वीस मिनिटांत सापडणार नाही. तो उरलेल्या तिघांच्या न निघालेल्या मेमोत आहे. म्हणून तक्रार करायची तर साहेबांच्या स्वभावाची करू नका, फरकाची करा. "साहेब माझ्यावर डूख धरून आहेत" हे कुणीही सिद्ध करू शकत नाही, कारण डूख मनात असतो. "एकाच दिवशी, एकाच कारणाने, चौघं उशिरा, मेमो एकाला" हे पंचिंगच्या रेकॉर्डवरून पाच मिनिटांत सिद्ध होतं.

आता तुमच्या पत्राकडे वळतो. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय: मार्चअखेरीचा लॉट, म्हणजे तुम्ही अडवून ठेवलेला माल. तुम्ही म्हणता "साहेब आल्यापासून", पण तुम्ही सांगितलेला एकही प्रसंग एप्रिलच्या आधीचा नाही. साहेब डिसेंबरात आले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी कसे गेले? शांतपणे आठवा. मीटिंगमध्ये तुमचं नाव तेव्हाही रोज निघायचं, की लॉट अडवल्यानंतर सुरू झालं?

मार्चअखेर म्हणजे काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वर्षाचा आकडा पूर्ण करायचा असतो, गाडी गेटवर उभी असते, ग्राहकाचा फोन वाजत असतो आणि क्वालिटीचा माणूस लॉटवर होल्डचा टॅग लावतो. नवीन साहेबांचं ते त्या खुर्चीवरचं पहिलंच वर्षअखेर. त्यांना वरून काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा. यात त्यांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. कारण सापडलं की मार्ग सापडतो, एवढ्यासाठी सांगतोय. माझा अंदाज चुकीचाही असू शकतो. प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने तुमच्याबद्दल काही कानावर घातलं असेल, किंवा आधीचे साहेब जाताना चहा पिता पिता "तो जरा तिरसट आहे" एवढंच बोलून गेले असतील. मी हे खूप पाहिलंय. दहा मिनिटांत झालेली ओळख माणसाला वर्षानुवर्षं चिकटते.

पण कारण तो लॉटच असेल, तर तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे. तुमचा कारखाना वाहन कंपन्यांना माल देतो, म्हणजे बहुतेक आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या मानकाचं प्रमाणपत्र तिथे असणार. त्या मानकात ५.३.२ क्रमांकाचं कलम आहे. मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना, दोष दुरुस्त करण्यासाठी, माल पाठवणं आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, असं ते सांगतं. तुमच्या गेजवर, म्हणजे मोजमापाच्या साधनावर, माल नापास होता आणि तुम्ही तो अडवला, तर तुम्ही नेमलेलं काम केलंत. त्या होल्डचा अहवाल, मोजमापाचे आकडे, नंतर ग्राहकाकडून डेव्हिएशन (आहे तसा माल घेण्याची परवानगी) घेतलं की माल निवडून काढला की रीवर्क (दुरुस्ती) झाला, हे सगळं विभागाच्या फाइलमध्ये असेल. त्याच्या तारखा आणि क्रमांक टिपून ठेवा. फाइल घरी नेऊ नका, फोटो काढू नका, कंपनीच्या मेलवरून स्वतःच्या मेलवर काही पाठवू नका. अन्यायाचा पुरावा गोळा करता करता "गोपनीय कागद बाहेर नेले" या आरोपात अडकलेली दोन माणसं माझ्यासमोर चौकशीला बसली आहेत. मूळ तक्रार दोघांचीही खरी होती.

तुम्ही विचारलंय, मी चुकतोय का. याचं उत्तर मला बाहेरून देता येणार नाही, पण तुम्हाला स्वतःला तीन आठवड्यांत मिळेल. एक साधी वही घ्या, स्वतःची, घरी ठेवायची. रोज रात्री पाच ओळी. तारीख, वेळ, जागा, साहेब नेमकं काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, तिथे कोण कोण होतं. आणि ज्या गोष्टीवर सगळेच कंटाळा करतात ती: त्या दिवशी साहेब इतरांना काय बोलले, तेही लिहायचं. आपल्याला बोललेलं जिव्हारी लागतं, दुसऱ्याला बोललेलं कानावरून जातं. मीटिंगमध्ये तुमचं नाव निघालं की तुमचं मन तिथेच अडकतं आणि पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला ऐकू येत नाहीत, हे लक्षात घ्या.

एका मेंटेनन्स फिटरला मी हे करायला सांगितलं होतं. इंजिनियर आपल्याच मागे लागलाय अशी त्याची खात्री होती. पाच आठवड्यांच्या वहीत अकरा प्रसंग होते. नीट पाहिलं तर त्यातल्या सात वेळी इंजिनियर बाकीच्या तिघांनाही तितकंच टाकून बोलला होता. माणूस तोंडाळ होता, सगळ्यांसाठीच. पण त्याच वहीत दुसरी एक गोष्ट निघाली, जी फिटरने स्वतः कधी तक्रारीत म्हटली नव्हती. सलग चार रविवार ओव्हरटाइमच्या यादीतून त्याचं नाव गळलं होतं आणि बाकी तिघांना प्रत्येकी दोन-तीन रविवार मिळाले होते. आम्ही बोलण्याचा विषय बाजूला ठेवला आणि फक्त ओव्हरटाइमची यादी समोर ठेवली. पुढच्या महिन्यापासून पाळी लागली. बोलणं काही लगेच थांबलं नाही, पण त्याला रात्रीची झोप लागायला लागली. आपल्यावर नेमका काय अन्याय होतोय हे कळलं की माणसाच्या डोक्यातला गोंधळ निम्म्याने कमी होतो.

एक गोष्ट थोडी कठोर वाटेल, पण सांगायला हवी. आठ महिन्यांपूर्वीचे तुम्ही आणि आजचे तुम्ही एकच नसाल. १९९८ मध्ये मँझोनी आणि बार्सू या युरोपातल्या दोन अभ्यासकांनी याच गोष्टीवर लिहिलं होतं. साहेबाचा एखाद्यावरचा विश्वास उडतो, तो त्याच्यावर जास्त लक्ष ठेवतो, बारीकसारीक विचारतो. समोरचा माणूस त्याने खचतो, विचारायला जायचं टाळतो, मीटिंगमध्ये गप्प राहतो, स्वतःहून काही सुचवत नाही. मग साहेबाला वाटतं, माझा अंदाज बरोबरच होता. मी हा फेरा कितीतरी शॉपमध्ये पाहिला आहे. तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये आपणहून शेवटचे कधी गेला होतात? रोजचा रिपोर्ट आधी स्वतः नेऊन द्यायचात आणि आता कुणाच्या तरी हाती पाठवता, असं झालंय का? झालं असेल तर दोष तुम्हाला देत नाही. भाजलेला माणूस चुलीपासून लांबच बसतो. पण हा फेरा तुमच्या बाजूने तोडता येतो, आणि साहेबांची वाट न पाहता.

त्यासाठी एकदा समोरासमोर बोला. मेमोचं उत्तर दिल्यानंतर चार-पाच दिवसांनी. सकाळच्या मीटिंगनंतर लगेच नको, लाईनवर उभ्या उभ्या नको. "साहेब, कामाबद्दल पंधरा मिनिटं हवी होती, कधी येऊ?" असं विचारून वेळ घ्या. आत गेल्यावर 'टार्गेट', 'पार्शालिटी', 'मुद्दाम' हे शब्द तोंडातून काढू नका. ते शब्द आले की समोरचा स्वतःचा बचाव करू लागतो आणि तुमचं म्हणणं संपतं. असं म्हणा: "साहेब, रेटिंग चारवरून दोनवर आलं. पुढच्या सहा महिन्यांत ते परत वर यायला तुम्हाला माझ्या कामात नेमकं काय दिसायला हवं, ते सांगा. मी लिहून घेतो." आणि खरंच लिहून घ्या, त्यांच्यासमोर. मग लॉटचा विषय तुम्हीच काढा. "मार्चचा लॉट अडवला तेव्हा तुमची अडचण झाली, मला माहीत आहे. आकडे बाहेर होते म्हणून अडवला. पुढच्या वेळी असं झालं तर टॅग लावण्याआधी तुम्हाला फोन करू का?" यात तुम्ही तुमचा निर्णय मागे घेत नाही, फक्त त्यांना आधी कळेल एवढं पाहता. गेटवर गाडी उभी असताना तिसऱ्याच माणसाकडून कळणं साहेबांना सगळ्यात जास्त झोंबतं. संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: आज आपण असं बोललो, हे तीन मुद्दे ठरले, धन्यवाद. ते सुधारले तर उत्तम. नाही सुधारले तर तो मेल तुमच्या वहीपेक्षा जास्त बोलेल.

बोलूनही तोच प्रकार चालू राहिला, तर कायदा आहे. तो थोडा समजून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. घटनेपासून एका वर्षाच्या आत तिथे अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत काम संपवावं अशी अपेक्षा आहे. तुमच्या पदाच्या नावात 'इंजिनियर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' असेल म्हणून तुम्ही कामगार नाही, असं कुणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. पाटीवर काय लिहिलंय ते गौण, तुम्ही दिवसभर मुख्यतः काय काम करता ते पाहिलं जातं. स्वतः गेज हातात घेऊन तपासणी करणारा तांत्रिक कामाचा माणूस कामगारात मोडू शकतो आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. ती मर्यादा, महिना १८,००० रुपयांची, सुपरवायझरी काम करणाऱ्यांना लागते. हाताखाली माणसं असतील, रजा मंजूर करण्याचा अधिकार असेल, तर गोष्ट वेगळी.

महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आमच्या पिढीने खूप वापरला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत, गुणवत्ता न पाहता ठरावीक कामगारांना झुकतं माप देणं आणि धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणं या अनुचित प्रथा म्हणून लिहिल्या आहेत. त्या कायद्यातली तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अशीच यादी आहे. तक्रार कुठल्या कायद्याखाली करायची, हे कामगार न्यायालयात रोज उभ्या राहणाऱ्या वकिलाला विचारूनच ठरवा. तुमचा जुलैचा मेमो लक्षात घेता फार थांबू नका. युनियन असेल तर कमिटी मेंबरला आजच कानावर घाला. तिथे उशिरा गेलेल्या माणसाला "आधी का नाही बोललास?" हेच पहिलं ऐकावं लागतं.

तुमच्या पत्रात जातीवरून किंवा धर्मावरून बोलल्याचा उल्लेख नाही, म्हणून त्यात शिरत नाही. पण हे वाचणाऱ्या कुणा ताईंना साहेबांच्या नको त्या वागण्याला नकार दिल्यावर असा त्रास सुरू झाला असेल, तर त्यांनी वरचं केबिनमध्ये बोलण्याबद्दलचं सगळं सोडून द्यावं आणि थेट कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीकडे जावं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते.

बायकोचं म्हणणं उडवून लावू नका. घरी येणारा माणूस कसा येतो ते तिला रोज दिसतं. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येत असेल, पोरांवर विनाकारण ओरडणं होत असेल, झोप तुटत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नोकरी बदलायचा विचारही वाईट नाही. क्वालिटीचा सात वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात विचारणा होते. फक्त दुसरं पत्र हातात पडेपर्यंत पहिलं सोडू नका, आणि कुणी केबिनमध्ये बसवून "इथेच राजीनामा लिहून दे, रेकॉर्ड खराब होणार नाही" म्हणालं तर सही करू नका. "घरी विचारून उद्या सांगतो" म्हणून उठा. सात वर्षं झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून. ती कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

आता मेमो. पहिल्याचं उत्तर दिलं नाहीत ही चूक झाली, आणि ती आताही दुरुस्त होते. उत्तर न दिलेला मेमो फाइलमध्ये मान्य केल्यासारखा पडून राहतो. पुढे कधी शिक्षा ठरवायची वेळ आली की मागचं रेकॉर्ड पाहिलं जातं, तेव्हा तो वर येतो. आणि मेमो घ्यायला नकार तर कधीच देऊ नका. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन "घेण्यास नकार दिला" असं लिहिलं जातं आणि तो आणखी एक आरोप होतो. "मिळाला" असं लिहून तारीख, वेळ आणि सही करायची. मिळाला म्हणजे मान्य केला असं होत नाही.

दुसऱ्या मेमोच्या उत्तरात आवाज चढला नव्हता असं लिहू नका. पंधरा माणसं तिथे होती, तुम्हीही मला तसं लिहिलंय. एका पानात, नंबर न घालता, साध्या मराठीत असं लिहा:

"आपला अमुक तारखेचा मेमो मिळाला. त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये बोलताना माझा आवाज चढला असल्यास मी दिलगीर आहे. आपला किंवा कुणाचाही अपमान करण्याचा माझा हेतू नव्हता आणि उद्धट वर्तनाचा आरोप मला मान्य नाही. गेल्या सात वर्षांत अशा स्वरूपाची माझ्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. तसेच जुलैमधील अमुक तारखेच्या मेमोचे उत्तर माझ्याकडून राहून गेले, ते आता देत आहे. त्या दिवशी तळेगाव चौकात वाहतूक अडकल्याने मी २० मिनिटे उशिरा पोचलो. त्याच कारणाने त्याच वेळेस विभागातील आणखी तीन सहकारी उशिरा पोचले होते, हे हजेरीच्या नोंदीवरून दिसेल. सर्वांना एकच नियम लागू व्हावा, एवढीच नम्र विनंती. दोन्ही मेमो मागे घ्यावेत."

तिघांची नावं लिहू नका. ती माणसं उद्या तुमच्याच शेजारी बसणार आहेत, आणि त्यांना मेमो मिळावा अशी तुमची मागणी नाही. 'सात वर्षांत तक्रार नाही' हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. दोन प्रती काढा. शिफ्ट सुरू होण्याआधी टाइम ऑफिसमध्ये जा, एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद न घालता तोच मजकूर लगेच मेलवर एचआरला पाठवा, प्लँट हेडना प्रत ठेवा. पोच घेतलेली प्रत घरी, वहीच्या पहिल्या पानात.